‘प्रिंट कशी आहे?’ : कमी पैशांतल्या मारधाडपटाची चांगली प्रत कशी ओळखायची

ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसचा पूल नव्हता तेव्हा तिथल्या फुटपाथवर सीडीवाले बसायचे. प्लास्टिकच्या पिशवीत दोन-दोन व्हीसीडी, वर रंगीत झेरॉक्सचं कव्हर. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "प्रिंट कशी आहे?" उत्तरही ठरलेलं, "एकदम क्लिअर, घेऊन जा." घरी लावली की बऱ्याचदा कुणीतरी थिएटरात बसून कॅमेऱ्यावर टिपलेला पिक्चर निघायचा. मध्येच पडद्यासमोरून उठून जाणाऱ्या माणसाचं डोकंसुद्धा दिसायचं.

तो प्रश्न मात्र अगदी बरोबर होता, असं मला आज वाटतं. घरी बघायची प्रत चांगली की वाईट, हे ती कुठल्या प्रिंटवरून काढली यावरच बरंचसं ठरतं. फक्त उत्तर विकणाऱ्याकडून घ्यायचं नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी काढायचं. कसं काढायचं, त्यासाठी हा लेख.

निमित्त भाच्याचं. तो कासारवडवलीला राहतो, घरात ५५ इंची टीव्ही आहे आणि सध्या त्याला एका विशिष्ट जातीच्या पिक्चरांचा नाद लागलाय. थोडक्या पैशांत केलेले, स्वतःच निर्माता आणि स्वतःच हिरो असलेले, कराटे-मोटारसायकली-स्फोटांनी भरलेले. आले तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि वीस-तीस वर्षांनी लोक त्यांच्यावर जीव टाकायला लागले. हिंदीत या जातीचं नाव काढलं की १९९८ चा कांती शाहांचा ‘गुंडा’ आठवतो. त्याची ख्याती पुढे इंटरनेटवर वाढत गेली. तर भाच्याने असल्याच एका अमेरिकन पिक्चरची फोर-के डिस्क मागवली आणि रात्री अकराला मला फोन केला. "मामा, फसलो. चेहरे मेणाचे दिसतात, आणि फायटिंग सासू-सुनेच्या सीरियलसारखी वाटते."

रविवारी कोपरीहून बस पकडून गेलो. डिस्क उत्तम होती. बिघडवत होता तो टीव्ही.

चित्र पाच ठिकाणी बिघडू शकतं: शूटिंगच्या वेळी, लॅबमध्ये, स्कॅन करताना, डिस्कवर भरताना आणि शेवटी आपल्या घरात. नवा माणूस जवळपास नेहमी चुकीच्या ठिकाणाला दोष देतो. म्हणून मी उलटीकडून, घरापासून सुरुवात करतो. त्याला पैसेही लागत नाहीत.

पहिली पायरी: टीव्हीचा शहाणपणा बंद करा

नवा टीव्ही दुकानातल्या झगझगीत उजेडात उठून दिसावा अशाच सेटिंगवर येतो. मेनूत ‘विविड’, ‘डायनॅमिक’ किंवा ‘स्टँडर्ड’ असं लिहिलेलं असतं. ते बदलून ‘फिल्ममेकर मोड’ निवडा. हा मोड २०१९ मध्ये जाहीर झाला, त्यामुळे टीव्ही त्याआधीचा असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ घ्या. एवढ्यानेच निम्मं काम होतं, पण आत जाऊन चार गोष्टी तपासाच.

सगळ्यात आधी मोशन. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते. टीव्ही त्या फ्रेमांच्या मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करून घुसवतो, त्यामुळे सगळं गुळगुळीत, सीरियलसारखं सरकतं. मारधाडपटाला हे फार घातक. फायटिंग वेगवान दिसावी म्हणून कॅमेरा मुद्दाम थोडा हळू, सेकंदाला एकवीस-बावीस फ्रेमांवर चालवायची पद्धत जुनी आहे. ते चित्र २४ च्या वेगाने दाखवलं की ठोसा झपकन बसतो. टीव्हीच्या बनावट फ्रेमांनी त्या झटक्याचाच जीव जातो आणि मुठीभोवती धुरकट वलय येतं. प्रत्येक कंपनीने या सोयीला वेगळं नाव दिलंय. ‘मोशन’ किंवा ‘क्लॅरिटी’ असा शब्द दिसला की आत शिरा आणि बंद करा.

दुसरं, नॉइज रिडक्शन. बहुतेक टीव्हीत ते दोन असतात, दोन्ही बंद. भाच्याच्या घरचे मेणाचे चेहरे इथूनच आले होते. तिसरं, शार्पनेस बहुतेक टीव्हीत शून्यावर किंवा शून्याच्या आसपास. शार्पनेस वाढवल्याने नवा तपशील येत नाही, कडांभोवती फक्त पांढरी रेघ ओढली जाते. चौथं, रंगाचं तापमान ‘वॉर्म’. पहिल्या दिवशी सगळं पिवळट वाटेल, घरचे तक्रार करतील. दोन-तीन संध्याकाळी जाऊ द्या, मग जुनं सेटिंगच निळं वाटायला लागेल.

वीज वाचवण्यासाठी आपोआप उजेड कमी-जास्त करणारी सोयही बंद ठेवा, नाहीतर गोदामातल्या रात्रीच्या सीनमध्ये चित्र मध्येच मंदावतं. आणि चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ असा करा. तसं केलं नाही तर काही टीव्ही चारही कडा थोड्या थोड्या कापून टाकतात.

दुसरी पायरी: पिक्चर कशावर आणि किती पैशांत काढला ते शोधा

डिस्क विकत घेण्याआधी हे करायचं, कारण अपेक्षा कुठे ठेवायची ते इथे कळतं. १९९२ चा ‘एल मारियाची’ घ्या. रॉबर्ट रॉड्रिगेझने तो सुमारे सात हजार डॉलरमध्ये केला, स्पॅनिश व्हिडिओच्या बाजारात विकायचा म्हणून. फिल्म १६ मिलिमीटरची. कॅमेरा आवाज करणारा, म्हणून संवाद वेगळे ध्वनिमुद्रित केलेले. पुढे मोठ्या कंपनीने तो घेतला आणि ३५ मिलिमीटरवर चढवून थिएटरात आणला. १६ च्या फ्रेमचं क्षेत्रफळ ३५ च्या फ्रेमच्या जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा असतं. तेवढंसं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की दाणा, म्हणजे फिल्मचे बारीक कण, दिसणारच. अशा पिक्चरच्या डिस्कवर दाणा दिसला तर ती चूक समजायची नाही. तो न दिसला तर मात्र शंका घ्यायची.

दाण्याबद्दल आमच्या आईचं साजूक तूप आठवा. चांगलं कढवलेलं तूप कणीदार असतं, आणि ती कणी मोडली की चवीतलंही काहीतरी जातं. फिल्मचं चित्र तसंच त्या कणांनीच बनलेलं असतं. दाणा पुसला की त्याच्याबरोबर कपड्याचा पोत, दाढीचे खुंट, कपाळावरचा घाम हेही पुसलं जातं. माणूस राम मारुती रोडवरच्या साडीच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा गुळगुळीत दिसतो. डिस्क काढणाऱ्यांनीच हे करून ठेवलं असेल तर तुमच्या टीव्हीत काहीही फिरवा, गेलेलं परत येत नाही.

कमी पैशांच्या पिक्चरात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, दिवसा काढलेली रात्र. रात्रीच्या शूटिंगला लाइट भाड्याने आणायला पैसे नसले की भर दुपारी कॅमेऱ्यात उजेड कमी घेऊन, चित्र निळसर करून ती रात्र म्हणून दाखवायची. स्कॅन करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो सीन ‘सुधारून’ उजळतो, आणि मग हिरो टॉर्च घेऊन लख्ख उन्हात चाचपडत चालतो. असा सीन दिसला तर दिग्दर्शकाला दोष देण्याआधी दुसरी प्रत बघा.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. ऐंशीच्या दशकानंतर स्वस्तातले पुष्कळ पिक्चर फिल्मवर काढले गेले, पण त्यांचं एडिटिंग आणि शेवटची प्रत थेट व्हिडिओ टेपवर झाली. निगेटिव्ह कापून जोडलीच नाही. अशा पिक्चरची खरी एचडी प्रत हवी असेल तर निगेटिव्हचे सगळे डबे शोधून, स्कॅन करून, पिक्चर पहिल्यापासून पुन्हा जुळवावा लागतो. डबे मिळाले नाहीत तर टेप हाच मूळ स्रोत. आणि जे थेट व्हिडिओ कॅमेऱ्यावरच काढले, त्यांच्यात टेपपलीकडे काही नाहीच. अशा पिक्चरची चांगली डीव्हीडी मिळाली की थांबा. त्याच्या ब्लू-रेवर चित्र वाढून येणार नाही.

तिसरी पायरी: पाच मिनिटांत स्रोत ओळखा

ही पायरी मला सर्वांत आवडते, आणि इथे घाई करू नका.

आधी प्रिंट म्हणजे काय ते. कॅमेऱ्यात फिरलेली फिल्म म्हणजे मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून डुप्लिकेट निगेटिव्ह, आणि तिच्यावरून थिएटरात जाणाऱ्या प्रिंट. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखंच ते: दर पिढीला बारकावे कमी, काळं-पांढरं भडक. डिस्कसाठी निगेटिव्ह स्कॅन झाली असेल तर उत्तम, इंटरपॉझिटिव्हही छान, प्रिंट चालेल, टेप नाइलाजाने.

डिस्कच्या मागे ‘मूळ निगेटिव्हवरून नवं स्कॅन’ असं लिहिलं असेल तर चांगलंच. नुसतं ‘डिजिटली रीमास्टर्ड’ लिहिलं असेल तर त्यातून स्रोताबद्दल काहीच कळत नाही. तेव्हा डिस्क लावा आणि सुरुवातीची नावं बघा. अक्षरं अगदी थोडी, श्वास घेतल्यासारखी हलत असतील तर फिल्म यंत्रातल्या चौकटीतून (गेटमधून) जातानाचं ते हलणं आहे, म्हणजे स्रोत फिल्मच. अक्षरं दगडासारखी स्थिर असतील तर एकतर ती नंतर स्थिर केली आहेत किंवा नवी घातली आहेत.

मग कचरा बघा. पांढरे ठिपके दिसले तर धूळ निगेटिव्हवर होती: निगेटिव्हवरच्या धुळीने प्रकाश अडतो आणि पॉझिटिव्हवर ती जागा पांढरी राहते. काळे ठिपके आणि केस दिसले तर धूळ प्रिंटवर होती. उभ्या हिरवट रेघा म्हणजे प्रोजेक्टरमधून अनेकदा फिरलेल्या प्रिंटवरचे ओरखडे. पिक्चर सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटांनी वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर गोल खूण चमकली, आणि काही सेकंदांनी पुन्हा चमकली, तर नक्की प्रिंट: पुढचं रीळ सुरू करायची ती ऑपरेटरसाठीची खूण. पूर्वी वंदना टॉकीजला पिक्चर बघताना आम्ही ती खूण दिसली की एकमेकांना कोपर मारायचो.

टेपच्या खुणा वेगळ्या. चित्राच्या अगदी तळाच्या काही ओळी फाटल्यासारख्या थरथरतात. लाल रंग त्याच्या रेषेबाहेर पसरतो. लाल बनियनवाला हिरो धावला की रंग त्याच्या मागून धावतो. मध्येच पांढरी आडवी रेघ झपकन येऊन जाते. आणि हलत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या, तर व्हिडिओच्या विषम आणि सम ओळी नीट जुळवलेल्या नाहीत. हे सगळं ‘एचडी’ लिहिलेल्या डिस्कवर दिसलं तर टेपच मोठी करून विकली आहे.

प्रिंटवरून काढलेली डिस्क म्हणजे कमी प्रतीची, असं मात्र समजू नका. ‘मायामी कनेक्शन’ची गोष्ट सांगतो. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमध्ये तायक्वांदो शिकवणाऱ्या वाय. के. किम यांनी १९८७ मध्ये स्वतःच्या पैशांतून तो केला, पिक्चर पडला आणि विसरला गेला. २००९ मध्ये टेक्सासमधल्या अलामो ड्राफ्टहाउस या थिएटर कंपनीच्या एका माणसाने ईबेवर ५० डॉलरला त्याची ३५ मिलिमीटरची प्रिंट घेतली, काय आहे ते न बघताच. ती लोकांना दाखवली, लोक वेडे झाले, आणि २०१२ मध्ये पिक्चर पुन्हा थिएटरात आला. कुणीतरी घरात जपलेली एक प्रिंट नसती तर बघायला काही उरलंच नसतं.

आपल्याकडच्या स्वस्त मारधाडपटांच्या बाबतीत मला याचीच धास्ती वाटते. ॲसिटेट फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने सडते, सडताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडते आणि आक्रसत जाते. त्याला नावच व्हिनेगर सिंड्रोम आहे. ठाणे-मुंबईच्या पावसाळ्यात वातानुकूलन नसलेल्या गोदामात पडलेल्या डब्यांचं काय होत असेल, ते आपल्या कपाटातल्या बुरशी धरलेल्या चपलांवरून कळावं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन जतनाचं मोठं काम करतात. पण जपण्याची यादी करताना अशा पिक्चरांचा नंबर शेवटी लागतो. म्हणून त्यांची एखादी बरी डीव्हीडी कुणाकडे असेल तर ती टाकून देऊ नका, असं मी कळकळीने सांगतो. कदाचित तीच सगळ्यात चांगली उरलेली प्रत असेल.

चौथी पायरी: चित्राचा आकार

काळे पट्टे दिसले की घरातलं कुणीतरी रिमोट उचलून चित्र ताणतं. तसं करू देऊ नका. पिक्चर १.८५ ला १ किंवा २.३५ ला १ (उंचीच्या तेवढ्या पट रुंदी) अशा आकारात काढलेला असतो, आणि आपला टीव्ही १६ ला ९. पट्टे येणारच.

जुन्या चौकोनी टीव्हीसाठी केलेल्या टेपांत दोन प्रकार असायचे. २.३५ चा पिक्चर चौकोनात बसवायचा तर दोन्ही बाजू कापायच्या. त्यात चित्राचा ४० टक्क्यांहून जास्त भाग जातो. हिरो ठोसा मारतो आणि खाणारा फ्रेमबाहेर. १९७९ चा ‘मॅड मॅक्स’ अगदी तुटपुंज्या पैशांत झाला, तरी जॉर्ज मिलरने तो ॲनामॉर्फिक, म्हणजे रुंद चित्र आडवं दाबून फिल्मवर बसवणाऱ्या, लेन्सवर काढला होता. त्यातला रस्ता आणि गाड्या त्या रुंदीसाठीच आहेत, चौकोनात तो बघणं म्हणजे निम्मा बघणं.

दुसऱ्या प्रकारात उलट होतं. १.८५ साठी काढलेल्या फिल्मवर खाली-वर जास्तीचं चित्र असतं, ते थिएटरात झाकतात. टेपवर ते उघडं पडायचं आणि वरून लोंबणारा माइक दिसायचा. अशा किती पिक्चरांना आपण ‘यांना माइकसुद्धा लपवता आला नाही’ म्हणून हसलो! तो माइक प्रेक्षकाला दिसावा असा कधी नव्हताच.

यूट्यूबवर तिसराच प्रकार चालतो. जुन्या चौकोनी टेपचं चित्र १६ ला ९ मध्ये भरायला वरून-खालून कापतात, आणि सगळ्यांच्या कपाळाला कात्री लागते. वर ‘फुल एचडी’ लिहिलेलं असतं. तुलना करायला आकडे लक्षात ठेवा: व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८, आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीची डीव्हीडी ७२० गुणिले ५७६, ब्लू-रे १९२० गुणिले १०८०. व्हीसीडीचं चित्र एचडी चौकटीत भरलं तर वीसातले एकोणीस ठिपके यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. हल्ली हा अंदाज एआय करतं. दूरच्या शॉटमध्ये दुकानांच्या पाट्या नीट वाचायचा प्रयत्न करा आणि मागे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे बघा. अक्षरं कुठल्याच लिपीतली वाटत नसतील, चेहरे वितळलेले असतील, तर ते चित्र मूळ नाही.

डीव्हीडी घेताना एक खास तपासणी. मागे ‘ॲनामॉर्फिक’ किंवा ‘१६ ला ९ टीव्हीसाठी’ असं लिहिलं आहे का बघा. नसेल तर २.३५ चा पिक्चर ५७६ पैकी साधारण ३२५ ओळींत कोंबलेला असतो, असेल तर साधारण ४३५ ओळी मिळतात. मोठ्या टीव्हीवर हा फरक चष्मा लावल्या-काढल्याएवढा दिसतो.

पाचवी पायरी: लांबी मोजा

मारधाडपटांवर कात्री सगळ्या देशांत चालली. म्हणून डिस्कवरची मिनिटं मूळ मिनिटांशी ताडून बघायची. पण एक हिशेब ठाऊक हवा. पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, फिल्मला २४. टेप आणि डीव्हीडी करताना पिक्चर सरळ थोडा जोरात चालवतात, म्हणून ९० मिनिटांचा पिक्चर ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो आणि आवाजही किंचित बारीक होतो. कापलेला नाही, फक्त पळवलेला आहे. पालच्या डीव्हीडीची मिनिटं २५ ने गुणा, २४ ने भागा. उत्तर मूळ लांबीएवढं आलं तर पूर्ण, दोन-तीन मिनिटं कमी आलं तर कात्री. अमेरिकन डीव्हीडीला आणि बहुतेक ब्लू-रेला हा हिशेब लागत नाही.

सहावी पायरी: आवाज

बहुतेक स्वस्त मारधाडपट मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकच्या, आवाजात झाले. डिस्कवर ‘५.१’ (सहा स्पीकरांत वाटलेला आवाज) दिसलं की नवा माणूस तेच लावतो. मी आधी मोनो लावतो. काही ५.१ मध्ये बंदुकीचे आवाज नवे घातलेले असतात. जुन्या चित्रावर ते उपरे वाटतात, आणि संवाद मधल्या स्पीकरात कुजबुजतात. आमच्या कोपरीच्या घरामागून लोकल जाते, कुजबुज ऐकूच येत नाही. मोनो दोन साध्या स्पीकरवर खणखणीत लागतो.

भाषेचंही बघा. ‘मॅड मॅक्स’ अमेरिकेत लावताना ऑस्ट्रेलियन नटांचे आवाज काढून अमेरिकन आवाज घातले होते. मूळ आवाज घरच्या डिस्कवर पुढे आला. तेव्हा डिस्कवर मूळ आवाज आहे की डब, ते घेण्याआधी तपासा. हाँगकाँगच्या जुन्या कराटेपटांत मात्र शूटिंगच्या वेळी आवाज घेतच नसत, चिनी आवाजही नंतर भरलेला. तिथे ओठ जुळत नाहीत म्हणून डिस्क परत करू नका.

सातवी पायरी: एक अवघड सीन लावून बघा

डिस्कवर जागा किती दिली आहे, हे धूर, पाऊस, स्फोट आणि अंधार यांत कळतं. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. आपल्याकडे ‘एकात तीन पिक्चर’ अशा डीव्हीडी खूप निघाल्या. तिघांत एवढी जागा वाटली की धुराचे चौकोनी तुकडे पडतात आणि रात्रीच्या आकाशात पायऱ्या दिसतात. ब्लू-रेचा एक थर २५ जीबीचा, तिथे हा त्रास कमी. नेटवरून बघताना तो पुन्हा येतो, कारण तिथे दर सेकंदाला मिळणारी माहिती डिस्कपेक्षा खूप कमी असते.

मी नेहमी पिक्चरच्या शेवटच्या हाणामारीतला धुराचा सीन लावतो, फ्रेम थांबवतो आणि उठून टीव्हीजवळ जातो. धुरात दाणा दिसला तर डिस्क चांगली. फरशीसारखे चौकोन दिसले तर जागा अपुरी.

आठवी पायरी: विकत घेताना

भारतात नव्या डिस्क आता फारशा निघत नाहीत. एक काळ होता, २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली होती, आणि चोरीच्या सीडीपेक्षा खरी डिस्क घेणं परवडायला लागलं होतं. आता या जातीच्या पिक्चरांवर मेहनत घेणाऱ्या छोट्या कंपन्या बाहेर आहेत, अमेरिकेत व्हिनेगर सिंड्रोम, ब्रिटनमध्ये ॲरो आणि ८८ फिल्म्स. पहिल्या कंपनीने फिल्मच्या रोगाचंच नाव घेतलंय, यावरून त्यांचा जीव कुठे अडकलाय ते कळतं.

मागवण्याआधी प्रदेशाचं कुलूप समजून घ्या. डीव्हीडीत अमेरिका १, ब्रिटन २, भारत ५. ब्लू-रेत अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी. आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी प्लेयरवर सगळे प्रदेश चालतात किंवा रिमोटवरच्या कोडने उघडतात, ब्लू-रे प्लेयर मात्र सहसा ऐकत नाहीत. फोर-के डिस्कला कुलूपच नसतं. पण एकाच डब्यात फोर-के आणि ब्लू-रे अशा दोन डिस्क असतील तर मुलाखती वगैरे बऱ्याचदा ब्लू-रेवर, आणि ती बंद. भाच्याचं असंच झालं: पिक्चर लागला, मुलाखती लागल्या नाहीत. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हवर प्रदेश पाचच वेळा बदलता येतो, मग शेवटचा कायमचा बसतो, तेव्हा तिथे प्रयोग करत बसू नका.

वेगळा प्लेयर घ्यायलाच हवा असंही नाही. घरात डिस्कचा प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल तर फोर-के डिस्क त्यावर चालते. प्लेस्टेशन ४ वर ब्लू-रेपर्यंतच. प्लेयरच्या मेनूत ‘२४ फ्रेम आउटपुट’ चालू करा, म्हणजे कॅमेरा सावकाश आडवा फिरताना चित्र अडखळणार नाही. डिस्क बाहेरून येते तेव्हा कस्टमचा खर्च किमतीत धरा, आणि दोघा-तिघांनी मिळून एकत्र मागवा. टपालाचा भार वाटला जातो.

मागवण्याआधी वेगवेगळ्या देशांतल्या डिस्कचे स्क्रीनशॉट समोरासमोर ठेवणारी परीक्षणं बघा. नुसत्या ‘चित्र अप्रतिम’ या शेऱ्यावर जाऊ नका, कारण दाणा पुसलेलं चित्रही काहींना अप्रतिम वाटतं.

जपणूक

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हीच परीक्षा. डिस्क उभ्या ठेवा, भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, प्रत्येक खणात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात एकदा बदला. पुसायची तर मधून बाहेर, सरळ रेषेत, मऊ सुती कापडाने. गोल गोल फिरवून कधीच नाही. डिस्कवर स्टिकर लावू नका. व्हिडिओ कॅसेट असतील तर पावसाळा संपल्यावर खिडकीतून आतली टेप बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेयरमध्ये घालू नका, ती बुरशी प्लेयरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) चढते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते.

आणि नोंद ठेवा. मी प्रत्येक कव्हरच्या आत पेन्सिलीने चार गोष्टी लिहितो: स्रोत, आकार, मिनिटं, आवाज. त्या रविवारी टीव्ही नीट केल्यावर आम्ही तीच डिस्क पहिल्यापासून लावली. पहिल्या फायटिंगला भाच्याने स्वतःच पॉज दाबला, पडद्याजवळ जाऊन हिरोच्या कपाळावरचा घाम बघितला, मग धूर बघितला. नंतर माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि कव्हरच्या आत लिहिलं: ‘३५ ची निगेटिव्ह. १.८५. मोनो लावणे. दाणा आहे.’